दादाचा वॉकीटॉकी

१२ जानेवारी

वॉकीटॉकींचं खोकं आज बेकरीवाला स्वतः घेऊन आला. तो आमच्या गावच्या मदत पथकाचा चिटणीस. खोकं उघडलं आणि माझा हिरमोड झाला. वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये माझी उभी हयात गेली. तिथला सेट हातात घेतला की काहीतरी धरल्यासारखं वाटायचं. हे साबणाच्या वडीएवढे, आणि वजनाला तिच्याहून हलके. बेकरीवाल्याला म्हटलं, "हे वाजणार की विरघळणार?" तो म्हणाला, "ताई, वर्गणीत एवढंच बसलं. तुम्ही हात लावलात की सोनं होईल."

सोनं होणार नाही. पण गेल्या उन्हाळ्यात डोंगर पेटला तेव्हा पथकाची माणसं धुरात एकमेकांना शिट्या मारून शोधत होती. शिट्यांपेक्षा बरं.

हे काम माझ्या गळ्यात दादाने घातलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पथकाचा प्रमुख. जन्मभर दगडखाणीत फोरमन होता, डोंगराची वाट न वाट त्याला पाठ. मला न विचारताच त्याने बैठकीत जाहीर केलं, "आमची छोटी बसवेल सगळं." मी निवृत्त झाले, केस पांढरे झाले, तरी छोटी ती छोटीच.

१६ जानेवारी

लॅपटॉप सेटच्या केबलला ओळखच देत नव्हता, रुसलेल्या व्याह्यासारखा बसून होता. आज एकदाची जुळणी झाली. काम सोपं आहे, पण कंटाळवाणं. सेटला केबल लावायची, त्याच्या पोटात काय आहे ते वाचायचं, कारखान्याने भरलेली नको ती चॅनेल्स पुसायची, परवान्यात मिळालेली आपली भरायची, आणि पुन्हा सेटमध्ये लिहायचं. शिवाय प्रत्येक चॅनेलला एक बारीक सूर जोडावा लागतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही, सेटला कळतो. तो जुळला तरच सेट तोंड उघडतो. नाहीतर समोरचा घसा फोडून ओरडला तरी हा ढिम्म.

पुढची बटणंही बंद करून टाकली, म्हणजे कुणाचा अंगठा लागून चॅनेल भलतीकडे जायला नको. एक नंबरचा सेट दादाचा.

२० जानेवारी

शाळेच्या हॉलमध्ये पहिली बैठक. सेट माणसांच्या निम्मेच, म्हणून प्रत्येक जोडीत एक. मी ठरवलं, सेट जोडीतल्या मोठ्याकडे राहील.

मग मी सांगायला लागले की मिळालेला हुकूम परत म्हणून दाखवायचा. "पुलाकडे जा" असं मी म्हटलं, तर "पुलाकडे जातोय" असं तुम्ही म्हणायचं. कंट्रोल रूममध्ये आम्ही त्याशिवाय एकाही लाइनमनला खांबावर चढू दिलं नाही. बाकीचे मान हलवत होते. दादाने मध्येच तोडलं. "शाळा भरवलीस की काय? ही माणसं दिवसभर राबून येतात. 'समजलं' म्हटलं की झालं." सगळे हसले.

मला लागलं. चारचौघांत बोलायची काय गरज होती. म्हटलं, "बरं, तुमची मर्जी," आणि विषय सोडून दिला. करू देत काय करायचं ते.

२७ जानेवारी

पहिला सराव, आणि नेमका दादाचा सेट गप्प. मी शाळेच्या गच्चीवर, खांबाला लावलेली मोठी एरियल माझ्याकडे. बाकी सगळे उत्तर देत होते. दादाला हाका मारून माझं तोंड दुखलं. शेवटी तो खाली आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझा डबा मुका आहे."

माझीच चूक असणार. सूर चुकला असेल. रात्री उघडून बघते.

२८ जानेवारी

सूर बरोबर. चॅनेल बरोबर. बॅटरी नवी. सकाळी त्याच्या घरी गेले, त्याच्या समोर बसून दुसऱ्या सेटवरून बोलले, तर लगेच उत्तर दिलं त्याने. म्हणजे सेट चालतो. मग डोंगरावर काय धाड भरते?

वहिनीने चहा आणून ठेवला. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावलेला की बातम्या वाचणारी बाई आपल्याच घरात भांडतेय असं वाटावं. वहिनीने विचारलं, "याला कानात घालायचं काही मिळतं का? म्हणजे थेट कानातच आवाज येईल असं?" माझ्याकडे एक इअरफोन पडून होता. उद्या देते म्हटलं. वहिनीला या यंत्रांत एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

दादाने इअरफोन परत पाठवला. "मी काय म्हातारा झालोय का," असा निरोपही सोबत. लाख वेळा सांगितलं तरी हा माणूस नवी गोष्ट हातात धरणार नाही.

सरावात पुन्हा तेच. त्याला तीन नंबरचा सेट देऊन पाहिला होता. तोही 'मुका' निघाला. म्हणजे आता सेट वाईट नाहीत, मी वाईट.

९ फेब्रुवारी

त्याच्या जोडीला शाळेच्या बसचा ड्रायव्हर आहे. पोरं त्याला बसमामा म्हणतात, म्हणून आम्हीही. माणूस चांगला, पण एक खोड आहे. कुणी काही बोललं की तो ते दादाच्या तोंडासमोर जाऊन पुन्हा म्हणतो. "म्हणजे रविवारी सकाळी जमायचं, असंच ना?" "म्हणजे दोऱ्या तुम्ही आणणार, बरोबर?" पोपट पाळल्यासारखं वाटतं. प्रमुखाची मर्जी राखायची ही तऱ्हा जुनीच.

आज मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आमच्या जोडीचा सेट माझ्याकडे राहू द्या ना. दादांचे हात मोकळे पाहिजेत."

मी म्हटलं, "नियम एकदा केला की केला. तुम्हाला मिरवायचं असेल तर रिकामं कव्हर देते कमरेला."

तो हसला. पुन्हा सेट मागितला नाही.

१७ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावला. बैठक सुरू व्हायच्या आधी दादाचा सेट टेबलावर उभा केला, सगळ्यांना गोल बसवलं आणि मी दुसरा सेट घेऊन मैदानाच्या पार टोकाला गेले. तिथून बेकरीवाल्याच्या पावांबद्दल दोन वाक्यं बोलले. परत आले तेव्हा हॉलमध्ये हशा चालला होता. प्रत्येकाने शब्द न शब्द ऐकला होता. मी म्हटलं, "झालं समाधान? सेट ठणठणीत आहे. दोष सेटचा नाही."

दादाचा चेहरा लाल झाला. बसमामा खाली बघत होता. पथकातल्या नर्सबाईंनी मला डोळ्यांनी काहीतरी खुणावलं, पण मी जिंकण्याच्या भरात होते. खूप दिवसांनी बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

मात्रा लागू पडली. आजच्या सरावात दादा पहिल्या हाकेला हजर. "समजलं." दुसऱ्यालाही "समजलं." सगळ्याला "समजलं." मी गंमत म्हणून विचारलं, "दादा, पाणी पुरेल का?" त्यावरही "समजलं." टवाळ आहे. पण निदान बोलायला लागला. घरी येताना मी गुणगुणत होते.

१५ मार्च

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी मलाच काहीतरी वेगळं सांगेन.

काल दुपारी खाणीच्या वरच्या अंगाला गवत पेटलं. शहरातून बंब यायला वेळ लागणार होता, म्हणून पथक पुढे गेलं. काम ठरलेलं होतं. जाळरेषा, म्हणजे गवत कापून मोकळी ठेवलेली पट्टी, तिच्या अलीकडे उभं राहायचं आणि आग पट्टी ओलांडू लागली तर ओल्या पोत्यांनी झोडपून काढायची. मी गच्चीवर होते. सगळं बरं चाललं होतं. सेटही छान चालत होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता.

मग वारा फिरला. शाळेचा झेंडा एकदम उलट्या दिशेला गेला. मी म्हटलं, "सगळे खाली या. वारा फिरलाय. सगळे खाली या." बेकरीवाला म्हणाला, "निघालो." नर्सबाईंची जोडी म्हणाली, "येतोय." दादा म्हणाला, "समजलं."

दुर्बिणीतून मला दिसलं, दोन माणसं वर चढतायत.

मी पुन्हा म्हटलं, "दादा, खाली. खाली ये." तो म्हणाला, "समजलं, समजलं." आणि दोघे धुरात गेले.

त्यानंतर मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. बेकरीवाला म्हणतो, तुम्ही त्याला लहानपणच्या नावाने हाका मारत होतात.

ते खाणीच्या खड्ड्यात उतरले म्हणून वाचले. दादाचा शर्ट पाठीवर पेटला होता. बसमामाने तो नुसत्या हातांनी विझवला. दादाला पाठीवर फोड आलेत, तेवढंच. बसमामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. नर्सबाईंनी वाटेत ओल्या चादरीत गुंडाळले तेव्हा तो म्हणत होता, "उद्या बस कोण नेणार, तेवढं शाळेला कळवा."

१९ मार्च

दादाचं तोंड बघितलेलं नाही. वहिनीचे फोन येतात, मी उचलत नाही. सगळ्या पथकाने माझा हुकूम ऐकला, सगळे खाली आले. हा एकटा वर गेला, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याला घेऊन गेला. कशासाठी? मी सांगितलं म्हणून? धाकट्या बहिणीचं ऐकायचं नाही म्हणून?

२२ मार्च

बैठक झाली. मी मागच्या बाकावर बसले. दादा उभा राहिला. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "चूक माझी आहे. छोटीने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." एवढं बोलून सेट टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

कुणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "माणसाला एवढा हट्ट बरा नाही." मला त्यातच थोडं समाधान वाटलं, तेही लिहून ठेवते.

३० मार्च

वहिनी आज दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "तुझ्या भावाला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "ते सगळ्या गावाने बघितलं."

"तसं नाही गं. कानांनी ऐकू येत नाही. केव्हापासूनचं आहे. उजवा कान तर गेल्यातच जमा. खाणीतले सुरुंग, दुसरं काय."

मी तिला हाताला धरून आत आणलं. ती खुर्चीच्या कडेवर बसून बोलत राहिली. तो शब्द ऐकत नाही, म्हणाली, अंदाज करतो. समोर बसलं की ओठ बघतो. घरात अंदाज बरोबर येतात, कारण घरात बोलणार काय? जेवायला या, औषध घेतलं का. डोंगरावर ओठ कुठले दिसायला. डब्यातून नुसती खरखर येते, त्यात माणूस बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, छोटीला कळलं तर ती मला खुर्चीत बसवेल." मग वहिनी म्हणाली, "मी तरी विचारलं होतं तुला, कानात घालायचं मिळतं का म्हणून."

तिला चहा विचारायचं राहून गेलं. मी ऐकलं नाही, असं तो म्हणाला होता. सगळ्यांसमोर उभं राहून त्याने खरं तेच सांगितलं, आणि आम्ही प्रत्येकाने ते आपल्याला हवं तसं ऐकलं.

२ एप्रिल

मागची पानं वाचली. वाचू नयेत ती.

परत म्हणून दाखवायचं का नको होतं त्याला, ते आता कळलं. जे ऐकलंच नाही ते माणूस परत कसं म्हणणार? आणि मी काय केलं, तर फुगून बसले. कंट्रोल रूममध्ये साहेबाने सांगितलं असतं तरी मी तो नियम सोडला नसता. खांबावर कुणाचा तरी जीव असतो हे पक्कं माहीत होतं. इथे भावाने टोमणा मारला म्हणून सोडला. ही खेळणी आहेत, हे हौशी लोक आहेत, असंच मनात होतं माझ्या.

४ एप्रिल

इस्पितळात गेले. बसमामाचे हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशांवर ठेवलेले. त्याची बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती. मला बघून तिने वाटी खाली ठेवली नाही की बस म्हणाली नाही. तिचा काय दोष.

मी विचारलं, "वर का गेलात?"

तो म्हणाला, "सेट वाजला. धुराचा आणि आगीचा एवढा आवाज, दादांच्या छातीवरचा सेट मला लांबून काय ऐकू येणार. मी विचारलं, काय म्हणाल्या ताई? दादा म्हणाले, पुढे व्हा म्हणतेय. मला शंका आली. पण प्रमुख ते."

"तुम्हाला माहीत होतं, त्याला ऐकू येत नाही ते?"

"हो."

"मग सेट मागितलात त्याच वेळी सरळ सांगायचं होतं ना मला."

तो म्हणाला, "दादांनी नको म्हटलं होतं. आणि खरं सांगू का ताई, राग मानू नका. मला वाटायचं तुम्हाला माहीत असेलच. बहीण आहात."

त्याची बायको मध्येच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात उजव्या हाताची बोटं पुन्हा वळणार नाहीत." माझ्याकडे न बघता म्हणाली. "बस दुसऱ्याला दिली शाळेने."

सॉरी म्हणाले. तो शब्दही किती हलका आहे.

७ एप्रिल

दादाकडे गेले. तो ओसरीवर पाठमोरा बसला होता. नेहमीसारखी मागून हाक मारणार होते, मग फिरून समोर जाऊन बसले. बोलायला लागले तर त्याने हात वर केला.

"हळूहळू नको बोलूस. कळलं की सगळे असेच बोलायला लागतात, शहाण्या बाळाशी बोलल्यासारखे. तू आपली भांड. तुझं भांडण मला ओठांवरून नीट कळतं."

मी भांडले. का लपवलंस, बसमामाने तुझं काय वाकडं केलं होतं, असं सगळं. तो बघत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "तू सगळ्यांपुढे सेट वाजवून दाखवलास ना, त्या दिवशी सांगणार होतो. उठतच होतो." मग म्हणाला, "लोक हसले."

वहिनी आतून आली आणि आमच्यामध्ये येऊन बसली.

निघताना तो म्हणाला, "मी रोज जातो त्याच्याकडे. वॉर्डाच्या दारापर्यंत. आत जाववत नाही." मी म्हटलं, उद्या आपण दोघं जाऊ. त्याने मान हलवली. त्याला कळलं की त्याने अंदाज केला, ते मला कळलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हटलं.

८ एप्रिल

गेलो. दादा खाटेजवळ उभा राहिला आणि सगळं त्याने स्वतः सांगितलं, बसमामाच्या बायकोला. की मला ऐकू आलं नव्हतं. की मी ऐकू आल्यासारखं केलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर?" दादाने तिचे ओठ पाहिले, तरी माझ्याकडे वळून बघितलं. मी त्याला तिचं वाक्य पुन्हा सांगितलं. याहून वाईट काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तिने आम्हाला जा म्हटलं नाही, एवढंच.

१४ एप्रिल

बेकरीवाला सेट घेऊन आला. पथक पुन्हा उभं करायचं म्हणतो. सगळ्यांनी कबूल केलंय, हुकूम परत म्हणून दाखवल्याशिवाय कुणी पाऊल उचलणार नाही. "ताई, तुम्ही आधीच सांगितलं होतं," म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. एक नंबरच्या सेटचं प्लॅस्टिक एका बाजूने वितळलंय. केबल लावली तर सगळं जसंच्या तसं. सूर, चॅनेल, सगळं. चालतो अजून.

१८ एप्रिल

दादा कान तपासून घ्यायला तयार झाला. वहिनीने मला बरोबर पाठवलं. तिला इस्पितळाच्या वासाने चक्कर येते म्हणाली, पण मला वाटतं तिला ते बघायचं नव्हतं.

एक लहानशी खोली, तिच्यात काचेची आणखी लहान खोली. दादाला आत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. तपासणारी मुलगी काचेजवळ येऊन, ओठ दिसतील असं, नीट समजावून म्हणाली, "आजोबा, शिट्टीसारखा आवाज येईल. कितीही बारीक असला तरी आला की बटण दाबायचं." दादाने मान डोलावली, ताठ बसला, अंगठा बटणावर ठेवून. शाळेत परीक्षेला असाच बसायचा.

मुलगी माझ्याकडे पाठ करून यंत्रासमोर बसली. आवाज सोडला की यंत्रावर हिरवा दिवा लागत होता. दिवा लागला. दादाचा अंगठा हलला नाही. तिने चकती थोडी फिरवली. पुन्हा लागला. पुन्हा फिरवली. दादा काचेतून समोर बघत होता, शांत, मन लावून. कागदावर ती एकामागून एक खुणा करत होती. दिवा लागत होता, विझत होता.

मध्येच दादाने माझ्याकडे बघितलं. मी हसून दाखवलं. तोही हसला. मग त्याने भुवया उंचावल्या आणि काचेआडून, मोठ्याने, मला विचारलं,

"सुरू कधी करणार?"